लाभ, दोन

“लाभ,” सोजरबाई म्हणाली आणि बाजरीनं भरलेला पितळी शेर तिनं माझ्या पुढ्यातल्या गोणपाटावर पालथा केला.

“मावशी, एक म्हणा की. सरकारी काम आहे,” मी म्हटलं.

“एक म्हनू न्हाई, भाऊसाहेब. एक म्हनलं की रास तिथंच थांबती. लाभ म्हनलं की वाढती.” एवढ्या शिकलेल्या माणसाला इतकंही कळू नये, याचं तिला वाईट वाटलेलं दिसलं. “तुमच्या आईनं न्हाई सांगितलं कधी?”

सांगितलं होतं. आमच्या भागात खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी एक म्हणत नाही. लाभ, मग दोन, मग तीन. माझी आईही तसंच मोजायची. पण मी नोकरीत वीस वर्षं काढली होती आणि खळ्याशी माझा संबंध आता फक्त कागदापुरता उरला होता.

मी तेव्हा हिवरदऱ्याचा तलाठी होतो. तलाठ्याला गावात भाऊसाहेब म्हणतात आणि तालुक्याला बसणाऱ्या नायब तहसीलदाराला रावसाहेब. साहेब दोघांच्याही नावात आहे, पण एकाला बसायला खुर्ची आणि दुसऱ्याला उभं राहायला दाराची चौकट, एवढा फरक. मी चौकटीतला.

त्या साली बाजरी निसवायला आणि पाऊस जायला एकच गाठ पडली. कणसं बाहेर आली ती अर्धीमुर्धी, वरच्या शेंड्याला दाणाच नाही. अशा वर्षी सरकार गावाचं पीक पैशात मोजतं. त्याला पैसेवारी म्हणतात. पूर्ण पिकलं तर शंभर पैसे. पन्नासच्या खाली आलं तर दुष्काळ, आणि दुष्काळ म्हणजे अनुदान: हेक्टरामागे रोख रक्कम, सारा माफ, दहावीच्या पोरांची परीक्षा फी माफ, जनावरांना चाराछावणी. पन्नासच्या वर गेलं की यातलं काहीही नाही, मग ते एका पैशानं गेलेलं का असेना.

हे पैसे ठरवायचे कसे, तर चिठ्ठी टाकून एक शेत निवडायचं, त्यात दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असा तुकडा दोरीनं आखायचा, तेवढ्यातलं पीक कापून, मळून वजन करायचं. चार किलो बाजरी निघाली तर शंभर पैसे. दोन किलो म्हणजे पन्नास. हिवरदरा लहान गाव, म्हणून तुकडा एकच. तो निघाला सोजरबाईच्या शेतात. दोन किलोच्या आत राहिलो तर अख्ख्या गावाला अनुदान मिळणार होतं, आणि हे शाळेतल्या पोरापासून देवळातल्या म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

सोजरबाई साठीच्या आसपास होती. नवरा जाऊन आठ वर्षं झालेली, एकुलती मुलगी लांब दिलेली. तीन एकर जमीन, एक कपिला गाय आणि शेतातच एक पत्र्याचं घर, एवढा तिचा पसारा. चिठ्ठीत तिचं शेत निघाल्याचं कळल्यावर तिनं खळं शेणानं सारवलं. मी ताणकाटा पिशवीतून काढून बाभळीच्या फांदीला अडकवला, तर तिनं त्यालाही हळद-कुंकू लावलं.

“येवढ्या गावातनं माझंच वावर निघालं, भाऊसाहेब,” ती म्हणाली. “धनी असते तर पेढे वाटले असते त्यांनी.”

दुष्काळ मोजायला आलेल्या माणसाला पेढे कुणी दिले नसते.

तसे या कामाला पंच हजर लागतात. सरपंच जालिंदर आणि आणखी तिघं. पण तो बाजाराचा दिवस होता. चौघांनी सकाळी एसटीच्या थांब्यावर, माझ्या पाठीवर कागद ठेवून, कोऱ्या पंचनाम्यावर सह्या केल्या आणि बाजार गाठला. यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही, मलाही नाही. कोऱ्या कागदावरच्या सह्यांवर माझी अर्धी नोकरी चालत होती. तेव्हा खळ्यावर आम्ही तिघंच. ती, मी आणि गावचा कोतवाल गेनू. कणसं दोन दिवस वाळवलेली होती. तिनं ती बडवली, सुपानं पाखडली आणि काट्यावर चढवण्याआधी आपल्या शेरानं आपणच मोजणार असं जाहीर केलं. मीही अडवलं नाही. तिची हौस, म्हटलं.

तर लाभ झाला. दुसरा शेर मात्र भरेना. गोणपाटाच्या कोपऱ्यातला दाणा न् दाणा तिनं वेचून आत टाकला, तरी माप तीन बोटं उणं राहिलं. ती त्या मापाकडं जराशी बघत बसली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली, घरात गेली आणि दोन्ही हातांची ओंजळ भरून बाजरी घेऊन आली.

“मावशी, थांबा,” मी म्हटलं. “त्या तुकड्यातलंच धान्य लागतं. घरचं मिसळता येत नाही.”

“घरचं मंजी कुठलं? ह्याच वावरातलं हाय. गेल्या सालचं.”

“गेल्या सालचं चालत नाही.”

“का? वावर बदललं का?”

गेनू तोंडावर हात धरून हसायला लागला. मला उगाच राग आला. “मावशी, इथं उलटं असतं. कमी भरलं तर गावाचं भलं. अनुदान मिळेल.”

“मला ठावं हाय. मी का येडी हाय? मिळू दे की.” ओंजळ तशीच धरून ती मला समजावायला लागली. “पर बोडकं माप खळ्यावरनं उठवत न्हाईत. सासूनं शिकीवलंय. भिकाऱ्याला घालायचं तरी शीग लावून घालायचं. आन हे तर सरकार.”

मापाच्या तोंडावर धान्याचा जो उंचवटा राहतो ती शीग. काठाशी सपाट, शीग नसलेलं माप ते बोडकं. आणि तिच्या हातातलं तर काठालाही पोचलं नव्हतं.

“येका ओंजळीनं दुष्काळ हटतो व्हय, भाऊसाहेब?” ती म्हणाली. मग हसून, “घरात मी येक बोडकी हाये तेवढी बास. माप नगं.”

मी मान दुसरीकडं वळवली. ओंजळ शेरात पडल्याचा आवाज ऐकला. शीग लागली, दोनचार दाणे काठावरून ओघळले, तेही तिनं वेचून पुन्हा वर ठेवले.

“दोन,” ती म्हणाली आणि शेर पालथा केला.

गेनू तुकड्याच्या खुंट्या उपटायला गेला. मी सगळी बाजरी पिशवीत भरून काट्याला अडकवली. काटा हलायचा थांबल्यावर आकडा वाचला, खिशातल्या छोट्या डायरीत लिहिला आणि डायरी परत खिशात टाकली. मला हायसं वाटलं. का वाटलं ते सांगेन, पण आत्ता नाही.

“किती भरलं?” सोजरबाईनं विचारलं.

“कळेल. साहेबांच्या सहीशिवाय सांगता येत नाही.”

तसा नियम होता खरा, पण नियम आठवायला कारण एवढंच, की ऊन चढलं होतं आणि मला तालुक्याची एसटी गाठायची होती. बोलत बसलो असतो तर चुकली असती. तिनं तरी चहा पाजलाच. कपबशी पुढं करताना म्हणाली, “नाव लिवलं का?”

“लिहिलंय. सोजरबाई भ्रतार गंगाराम.”

“पुन्यांदा वाचा.”

मी वाचलं. नवऱ्याचं नाव आलं तसा तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “त्यांनीच धोंडं वेचून वावर केलंय ते,” ती म्हणाली. “चांगलं नाव लिवा.”

मार्गशीर्षात यादी लागली. हिवरदरा बावन्न पैसे. ओढ्यापलीकडची माळेवस्ती सेहेचाळीस. तो ओढा दोन ढांगांत ओलांडता यायचा. दोन्हीकडं पाऊस तेवढाच पडला होता आणि तेवढाच पडला नव्हता. पण पलीकडं दुष्काळ पडला आणि अलीकडं नाही.

गावानं अर्ज केला. पौषात त्याचं उत्तर आलं आणि ते वाचून दाखवायला मला चावडीवर बोलावलं. चाळीस-पन्नास माणसं होती. दुपारचं ऊन पायरीपर्यंत आलेलं. मी कागद उलगडला. ‘सदर गावाची अंतिम पैसेवारी पन्नास पैशांपेक्षा जास्त असल्याने, दुष्काळी अनुदानाचा लाभ अनुज्ञेय नाही.’

“मंजी काय?” कुणीतरी विचारलं.

“मिळणार नाही,” मी म्हटलं.

जालिंदर पुढं सरकला. सरपंच असला तरी आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. त्या दिवशी चढला. “आमच्या कणसात दाना न्हाई, भाऊसाहेब. गुरं पाचट खात्यात. बावन्न आलं कुठनं?”

पन्नास माणसं माझ्याकडं बघत होती. पंचनाम्यावर ज्याची सही होती तो जालिंदरही बघत होता. तेवढ्यात चौकटीला टेकून उभा असलेला गेनू बोलला.

“सोजरबाईनं घरची ओंजळ घातली व्हती मापात. म्या बघितली.”

मला सांभाळून घ्यायला तो बोलला, की त्याच्या पोटात राहिलं नाही म्हणून, ते मला कधीच कळलं नाही. मग कुणीतरी सोजरबाईला बोलवायला धावलं.

ती आली आणि चावडीच्या पायरीखालीच उभी राहिली. गाईला ओढ्यावर पाणी पाजून आली असावी, लुगड्याचा काठ भिजलेला होता.

“घातली व्हती का?” जालिंदरनं विचारलं.

“घातली. भाऊसाहेबांच्या देखत घातली.”

“पर का?”

“माप बोडकं व्हतं.”

एरवी या बोलण्यावर हशा पिकला असता. सोजरबाई सगळ्या गावाची मावशी, तिच्या बोलण्याला गाव हसायचं आणि ती गावाला. त्या दिवशी कुणी हसलं नाही. तिनं सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग माझ्या हातातल्या कागदाकडं.

“काय लिवलंय त्येच्यात?”

मी पुन्हा वाचलं. ती एका शब्दाशी अडली.

“लाभ? तिथंबी लाभच म्हनत्यात?”

“हो.”

“आन त्यो न्हाई.”

“नाही, मावशी.”

तिनं पदर दातात धरला, सोडला. “भाऊसाहेब, तुमी खरं सांगा. तुमी लिवनार मानूस, तुमच्या हातात काटा व्हता. माझ्या ओंजळीनं झालं का?”

पन्नास माणसं थांबली होती. बोलायला मला कितीसा वेळ लागला? फार नाही.

“मावशी,” मी म्हटलं, “काट्यावर जे आलं ते मी लिहिलं.”

“मंजी झालं,” ती म्हणाली. दोन्ही हात पुढं धरून त्यांच्याकडं तिनं एकदा पाहिलं आणि गेली.

गावानं तिला शिवी दिली नाही, वाळीतही टाकलं नाही. ते बरं झालं असतं. गावानं तिला नाव दिलं. शीगबाई. गिरणीवर ती गेली की बाया बाजूला सरून म्हणायच्या, “आधी शीगबाईचं दळून द्या, त्यांच्याकडं वरकड लई.” शाळेच्या मास्तरांनी परीक्षेची फी मागितली तेव्हा एक पोरगी तिच्या दारात जाऊन उभी राहिली, आईनंच पाठवली होती. सोजरबाईनं कनवटीचे पैसे सोडून दिले. दुसऱ्या दिवशी आणखी दोन पोरं आली.

माघात तिच्या गाईचा चारा संपला. ती कपिलेला घेऊन ओढा ओलांडून माळेवस्तीच्या छावणीवर गेली. तिथल्या पोरानं वहीत गाव पाहिलं आणि दावं परत तिच्या हातात दिलं. हिवरदऱ्याचं जनावर घेता येत नाही, म्हणाला. पुढच्या बाजारी तिनं गाय विकली. मी चावडीच्या खिडकीतून तिला जाताना पाहिलं आणि येताना पाहिलं. येताना दावं खांद्यावर होतं.

त्या वैशाखात माझी बदली झाली. गावानं नारळ दिला, फेटा बांधला. जालिंदर चार शब्द बोलला. “भाऊसाहेबांनी आपल्या बाजूचं लिवलं न्हाई, पर खोटं बी लिवलं न्हाई,” म्हणाला. माणसांनी टाळ्या वाजवल्या. सोजरबाई आली नव्हती.

आता ते सांगतो.

काट्यावर त्या दिवशी आलं होतं एक किलो आठशे ऐंशी. तिच्या ओंजळीसकट. सत्तेचाळीस पैसे. म्हणून तर मला हायसं वाटलं होतं. म्हातारीचं माप भरलं होतं, शीग लागली होती, आणि गाव तरीही दुष्काळातच राहत होतं. एसटीच्या खिडकीशी बसून मी मनाशी हसलोसुद्धा. सगळ्यांचं साधलं, असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तहसिलीत रावसाहेबांनी मला आत बोलावलं. त्यांच्यापुढं गावांची यादी होती.

“वरून अकरा गावांचं सांगितलंय,” ते म्हणाले. “पन्नासच्या खाली बारा येताहेत. एक वर काढावं लागेल.”

मी उभाच होतो.

“माळेवस्तीला हात लावता येत नाही, तिथं पंचायत समितीचा मेंबर आहे. तुमच्या हिवरदऱ्यात कोण आहे?”

“कोणी नाही, साहेब.”

“पंचनामा भरला?”

“सह्या झाल्यात. आकडा टाकायचा राहिलाय.”

रावसाहेबांनी पेन्सिलीनं यादीवर एक टिंब काढलं. मग टेबलाचा खण उघडून एक कागद वर काढला. तो माझा अर्ज होता. बायको आणि दोन मुली चार वर्षं तालुक्याला भाड्याच्या खोलीत राहत होत्या, मी हिवरदऱ्यात. चार वर्षं मी दर वैशाखाला बदली मागत होतो. “हा या वेळी बघू,” ते म्हणाले. दुसरं काही म्हणाले नाहीत. मला धमकावलं नाही, पैसे मागितले नाहीत. चहासुद्धा मागवला.

बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसून मी पंचनामा भरला. वजनाच्या रकान्यात लिहिलं, दोन किलो ऐंशी ग्रॅम. बावन्न पैसे. म्हणजे दोनशे ग्रॅम वाढवले. दोनशे ग्रॅम बाजरी म्हणजे साधारण एक ओंजळ होते. पहिली ओंजळ तिची होती, दुसरी मी घातली. गावाचं अनुदान गेलं ते दुसरीनं.

आणि चावडीवर तिनं विचारलं तेव्हा पहिलीवर खापर फुटू दिलं.

निवृत्त झालो त्या महिन्यात कपाट आवरताना ती डायरी सापडली. मधे सोळा वर्षं गेली होती. दोघी मुली शिकून, लग्न होऊन गेल्या होत्या. डायरीच्या पानावर माझंच अक्षर होतं: ‘हिवरदरा, सोजरबाई भ्र. गंगाराम, १ कि. ८८०.’ दोन दिवस ती उशाशी ठेवून झोपलो. तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं हिवरदऱ्याला गेलो.

गावात शिरलो नाही, बांधाबांधानं सरळ तिच्या शेतावर गेलो. सोजरबाई खळ्यावर बसली होती. पाठ पार वाकली होती, पण ओळखलं तिनं मला.

“भाऊसाहेब का? या. लई पांढरं झालात.”

त्या साली पाऊस चांगला झाला होता. बाजरीची रास तिच्या मांडीला लागेल एवढी होती. इकडचं तिकडचं बोलणं झालं. गेनू वारल्याचं तिनं सांगितलं. जालिंदरही गेल्या सालीच गेला, म्हणाली. मग हात पुढं करून म्हणाली, “पिशवी आना. रिकामं जाऊ नये.”

मी नको म्हटलं. तिनं पिशवी ओढूनच घेतली. तोच पितळी शेर राशीत खुपसला, वर काढला, तळहातानं शीग पुसून माप काठाशी सपाट केलं आणि पिशवीत ओतलं.

“येक,” ती म्हणाली.

तिनं पुन्हा शेर भरला, पुन्हा हातानं सपाट केला. “दोन.”

“मावशी, लाभ म्हणत नाही आता?”

“सोडलं,” ती म्हणाली. “त्याच साली सोडलं. शीगबी लावत न्हाई. गावाला पुन्ना काय व्हायला नगं.”

डायरी माझ्या खिशात होती. मी काढली, पान उघडलं. तिला वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं, तरी तिच्यापुढं धरलं.

“मावशी, तुमच्या ओंजळीनं काही झालं नव्हतं.”

ती थांबली.

“तुमची ओंजळ धरून काट्यावर दोन किलोच्या आतच होतं. गावाला अनुदान मिळत होतं. नंतर तहसिलीत बसून मी आकडा वाढवला. मी.”

खळ्यावर चिमण्या दाणे टिपत होत्या. तिनं सवयीनं हात उचलून त्यांना हुसकलं. डायरीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

“चावडीवर इचारलं व्हतं तुमाला,” ती म्हणाली.

“हो.”

“समद्यांच्या म्होरं इचारलं व्हतं.”

“हो, मावशी.”

“का केलं?”

“बदली हवी होती. तालुक्याला. बायकापोरं तिकडं होती.”

“झाली न्हवं?”

“झाली.”

“पोरी शिकल्या?”

“शिकल्या.”

तिनं मान हलवली, एकदा, दोनदा. मी वाट बघत होतो. तिनं शिव्या दिल्या असत्या, रडली असती, चालता हो म्हणाली असती, तर मी तयार होतो. तेवढ्यासाठीच तर आलो होतो.

“गावात सांगितलं का कुनाला?”

“नाही. आधी तुम्हाला.”

“आता कुनाला सांगता,” ती म्हणाली. “नाव पाडनारे गेले. जे हायेत त्यांना मी शीगबाईच म्हाईत हाय. का म्हनत्यात त्येबी ठावं न्हाई पोरांना.”

मग तिनं माझी पिशवी उचलली आणि राशीवर उलटी केली. दोन्ही मापं राशीत परत गेली. दिलेलं धान्य परत घेताना मी आमच्याकडं कधी कुणाला पाहिलेलं नाही. मला वाटलं, झालं, रिकामाच जायचं. ते माझ्या लायकीचंच होतं, म्हणून मी उठायला लागलो.

“बसा,” ती म्हणाली.

तिनं शेर राशीत खुपसला. भरला. हातानं पुसला नाही. वरून एक ओंजळ घातली, सावकाश, शीग चढत गेली, दाणे काठावरून ओघळायला लागले तरी घालत राहिली. मग तो शेर तिनं माझ्या पिशवीत पालथा केला.

“लाभ,” ती म्हणाली. राशीकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली. “आक्ख्या गावात येकालाच झाला त्या साली. त्येच्याच पिशवीत जाऊ दे.”

दोन म्हणायला ती थांबली नाही. पिशवीचं तोंड बांधून तिनं माझ्या हातात दिली आणि खराटा घेऊन खळं झाडायला लागली.